सरकती पट्टी, थांबलेली पट्टी

टीव्हीवर चित्र उमटतंय, मग ते कितीही गढूळ, पट्ट्यापट्ट्यांचं किंवा मुंग्यांनी भरलेलं असो, तर तो बोर्ड जिवंत आहे. जुना व्हिडिओ गेम दुरुस्तीला घेणाऱ्याने ही गोष्ट आधी मनात पक्की करावी. चित्र तयार व्हायला प्रोसेसर चालावा लागतो, चित्र काढणारी चिप चालावी लागते, क्रिस्टलचा ठेका बरोबर पडावा लागतो, मेमरीतून माहिती वेळेवर यावी लागते. आज बाजारात सहज न मिळणारं असं हे सगळं तुमच्या बोर्डावर बहुतांशी शाबूत आहे. बिघडलंय ते बहुतेक वेळा काही रुपयांत मिळणारं असतं: वाळलेला कंडेन्सर, गंजलेला ग्राउंड, तडकलेला ट्रॅक. तरीही ‘आयसी गेला’ एवढं ऐकून लोक हे डबे भंगारवाल्याला देऊन टाकतात. ते थांबावं अशी माझी कळकळ आहे.

मुंबईच्या शिवडीत हे डबे फार वाईट अवस्थेत सापडतात, त्याला कारण आहे. पूर्वेला खाडी, ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा, वर्षभर खारी हवा आणि पावसाळ्याचे चार महिने ओल धरणाऱ्या भिंती. शेजारच्या हाजी बंदरावर कोळसा उतरायचा, त्या काळात माळ्यावर बांधून ठेवलेल्या सामानात ती बारीक काळी पूडही बसलेली असू शकते. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. मीठ, ओल आणि धूळ एकत्र आली की दोन ट्रॅकमधली मोकळी जागा मोकळी राहत नाही; तिथून करंट झिरपायला लागतो. हे झालं नुसतं ठेवून दिलेल्या बोर्डाचं. वर गळतीचं पाणी पडलेलं, उंदरांनी वायर कुरतडलेली, उंचावरून पडून कॅसेटच्या सॉकेटपाशी बोर्ड चिरलेला, असंही नेहमी दिसतं.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘समुराई’, ‘मीडिया’ अशा नावांनी जे खेळ घरोघर आले, त्यांच्या पोटात एकच वंश आहे: जुलै १९८३ मध्ये जपानात आलेला निन्टेन्डोचा फॅमिकॉम. भारतातल्यासारख्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी तैवानच्या यूएमसी कंपनीने त्याच नमुन्याच्या चिपा काढल्या. प्रोसेसरचा नंबर यूए६५२७पी, चित्राच्या चिपचा यूए६५३८. बोर्ड उघडल्यावर ४० पायांच्या दोन मोठ्या चिपा दिसल्या तर तुम्ही नशीबवान आहात, कारण प्रत्येक पाय तपासता येतो. नंतरच्या स्वस्त डब्यांत सगळं एका काळ्या गोळ्याखाली दडलेलं असतं. खाली सांगितलेलं बरंचसं दोन्हींना लागू पडतं.

बोर्ड उघडण्याआधी टीव्हीकडे बघा

एकच प्रश्न विचारा: खराबी सरकते आहे की जागेवर थांबलेली आहे?

आपला टीव्ही सेकंदाला १५,६२५ ओळी काढतो आणि ५० वेळा पडदा वरून खाली भरतो. हा ठेका गेमचा बोर्ड स्वतः देतो. म्हणून बोर्डाच्या आत, त्याच घड्याळावर चालणाऱ्या कुठल्याही चिपने चित्रात घाण मिसळली, तर ती प्रत्येक ओळीत त्याच ठिकाणी पडते आणि पडद्यावर खिळल्यासारखी उभी राहते. बाहेरून येणारी घाण, मग ती विजेच्या लाइनची असो, अडॉप्टरची असो की शेजारच्या यंत्राची, बोर्डाच्या ठेक्याला बांधलेली नसते. ती सरकते, तिरकी होते, लाटेसारखी हलते. थांबलेली खूण आतली, सरकती खूण बाहेरची. माझ्या मते दुरुस्तीचा निम्मा वेळ हे न पाहिल्यामुळे वाया जातो. पडद्यावर उभ्या, स्थिर पट्ट्या असतात आणि माणूस अडॉप्टर बदलत बसतो. किंवा आडवी सावली हळूहळू वर चढत असते आणि माणूस चिपांचे पाय तापवत असतो.

सरकती खूण असेल तर स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी बाहेरचे संशयित बाजूला काढा. टीव्हीच्या ज्या पिवळ्या पिनेत गेम लागतो, त्यातच जुना डीव्हीडी प्लेअर लावा. त्याचंही चित्र हलत असेल तर दोष टीव्हीचा किंवा केबलचा. मग टीव्हीला लागलेली केबलवाल्याची किंवा डिशची वायर काढून बघा. त्या वायरचं ग्राउंड एकीकडे, टीव्हीचं दुसरीकडे, यातून पडद्यावर आडवी सावली येते. वायर काढली की ती जाते. तिसरी परीक्षा मला सगळ्यांत जास्त आवडते: अडॉप्टर बाजूला ठेवा आणि पेन्सिल सेलचे सहा नग मालिकेत जोडून ९ व्होल्ट द्या. सेलमधून निव्वळ डीसी येतो. खूण नाहीशी झाली तर दोष अडॉप्टर आणि बोर्डावरच्या सप्लायच्या कंडेन्सरपुरताच उरला.

सेल जोडताना उलटसुलट होऊ देऊ नका. जपानी फॅमिकॉमच्या अडॉप्टरची आतली पिन निगेटिव्ह असते. त्याच्या नकलांमध्ये काहीही असू शकतं. सॉकेटजवळ खूण नसेल तर बोर्डावरचा ७८०५ शोधा, तीन पायांचा, बहुधा पत्र्याला स्क्रूने कसलेला. अक्षरं तुमच्याकडे धरली तर डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. सॉकेटचं जे टोक मल्टिमीटरवर मधल्या पायाशी बीप देतं ते निगेटिव्ह. कुठलंच टोक सरळ बीप देत नसेल आणि सॉकेटजवळ चार डायोड दिसत असतील, तर ब्रिज आहे. तिथे कुठूनही जोडलं तरी चालतं.

आडव्या सावल्या

बेस्टची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अडॉप्टरमधला ट्रान्सफॉर्मर ती उतरवतो, डायोड सरळ करतात, आणि सेकंदाला १०० उंचवटे असलेला व्होल्टेज तयार होतो. ते खड्डे भरून काढणं हे मोठ्या कंडेन्सरचं काम, बहुधा १००० मायक्रोफॅरडचं. तीस वर्षांत तो आतून वाळतो आणि खड्डे उघडे पडतात. ७८०५ ला ५ व्होल्ट स्वच्छ द्यायचे तर इनपुटला कायम सुमारे ७ व्होल्ट हवे. खड्ड्याचा तळ त्याखाली गेला की त्या क्षणापुरता आउटपुटही खाली जातो, आणि पडद्यावर दोन आडव्या सावल्या उमटतात. एकच रुंद सावली असेल तर ती ५० हर्ट्झची: अडॉप्टरमधला एखादा डायोड उघडा पडला असेल किंवा आधी सांगितलेलं ग्राउंडचं भांडण असेल.

पाल बोर्डाचा पडदाही जवळजवळ ५० हर्ट्झवरच भरतो, त्यामुळे ही सावली फार हळू सरकते, कधी मिनिटभर हललीच नाही असं वाटतं. तिला थांबलेली खूण समजू नका. पाच मिनिटं बघत राहा. जपानहून आलेला मूळ बोर्ड पडदा ६० वेळा भरतो, तिथे हीच सावली भराभरा पळते.

मल्टिमीटरने ७८०५ च्या आउटपुटला ४.८ ते ५.२ व्होल्ट यायला हवेत. खेळ चालू असताना इनपुटही मोजा. ट्रान्सफॉर्मरचा अडॉप्टर मोकळा असताना १२-१३ व्होल्ट दाखवेल, त्यावर विसंबू नका. भार पडल्यावर किती राहतात ते महत्त्वाचं. इनपुट ७ च्या आसपास घुटमळत असेल तर जुन्या कंडेन्सरवर समांतर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा नवा धरून बघा. प्लस-मायनस सांभाळा. सावल्या गेल्या तर जुना काढून नवा बसवा. जुना फुगलेला दिसत नाही म्हणून त्याला माफ करू नका. वाळलेला कंडेन्सर बाहेरून नव्यासारखाच दिसतो.

सावल्यांऐवजी तिरकी, बारीक जाळी सळसळत असेल तर तो आजच्या हलक्या स्विचिंग अडॉप्टरचा प्रताप. तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो आणि त्याचा ठेका ओळींच्या ठेक्याशी जुळत नाही. चांगल्या कंपनीचा अडॉप्टर घ्या किंवा जुना जड, ट्रान्सफॉर्मरचा शोधा. अडॉप्टर स्वतः उघडू नका. त्याच्या आत घरातली वीज आहे. जुना काचेचा टीव्हीही उघडू नका. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ राहतात.

धुणं आणि ट्रॅक जोडणं

थांबलेली खूण असेल तर बोर्ड बाहेर काढा आणि मोजमापाआधी धुवा. मिठाचा थर असलेल्या बोर्डावर घेतलेलं कुठलंही माप खोटं बोलतं. मीठ अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, म्हणून आधी डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या मऊ ब्रशने हलकेच घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाणी घालवा. स्वस्त बोर्डांवर काही जोडण्या काळ्या कार्बनच्या छापलेल्या असतात. त्या खरवडल्या तर परत येत नाहीत. पावसाळ्यात बोर्ड नुसता उघड्यावर वाळत नाही. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन दिवस ठेवा.

वाळल्यावर उजेडासमोर धरा. हिरवट झालेला तांबा, सॉकेटच्या कोपऱ्यातली केसासारखी चीर, पायाभोवतीची काळी गोल रेघ, म्हणजेच ड्राय सोल्डर, हे शोधायचं. बोर्डाला लाकडी काडीने इकडेतिकडे हलकेच दाबताना चित्र फडफडलं तर जागा सापडली. सॉकेट, ७८०५ आणि एव्हीची जॅक या तीन ठिकाणी रोजचं ओढणं-ढकलणं होतं. तिथले पाय आधी नव्याने सोल्डर करा.

हे बोर्ड बहुतेक तपकिरी, कागदी जातीचे असतात. त्यावरचा तांबा जास्त वेळ तापवला की सालीसारखा उचलला जातो. एका पायाला दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. तुटलेल्या ट्रॅकवर सोल्डरचा पूल टाकू नका, बोर्ड वाकला की तो पुन्हा तुटेल. ट्रॅक ज्या दोन पायांना जोडतो ते शोधा आणि ३० गेजच्या बारीक वायरने पायापासून पायापर्यंत थेट जोडा. खिडकी उघडी ठेवा, धूर अंगावर घेऊ नका, उठल्यावर हात धुवा. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं.

उभ्या पट्ट्या

हा या बोर्डांचा जुनाट रोग आहे. एकरंगी आकाशावर अंधुक उभ्या रेघा दिसतात, थोड्या गडद, थोड्या फिकट, डावीकडून उजवीकडे सारख्या अंतराने. चित्राची चिप दर आठ ठिपक्यांच्या चौकटीमागे मेमरीतून चार वेळा माहिती वाचते. एका ओळीत २५६ ठिपके, म्हणजे ३२ चौकटी. प्रत्येक वाचनाला डेटाच्या तारांवर धक्का बसतो, आणि चित्राचा नाजूक ट्रॅक त्या तारांच्या शेजारून जात असेल तर धक्का चित्रात उतरतो. नव्या बोर्डावरही तो थोडा होताच. बोर्ड खराब झाल्यावर तो वाढतो, कारण ग्राउंड गंजलेला असतो आणि चिपांजवळचे छोटे कंडेन्सर निकामी झालेले असतात.

उपाय याच क्रमाने करा. ४० पायांच्या दोन्ही चिपांना पाय ४० ला ५ व्होल्ट आणि पाय २० ला ग्राउंड मिळतो. प्रत्येक चिपच्या या दोन पायांमध्ये, शक्य तितक्या जवळ, १०४ नंबरचा सिरॅमिक कंडेन्सर लावा. मग ७८०५ च्या मधल्या पायापासून चित्राच्या चिपच्या पाय २० पर्यंत जाड वायर टाका, आणि तिथून एव्ही जॅकच्या ग्राउंडपर्यंत दुसरी. एवढ्याने पट्ट्या बऱ्याच फिक्या पडतात, आणि बोर्डावर काही कापावं लागलेलं नसतं. माझं मत असं, की इथेच खेळून बघावं. घरच्यांना चालण्याजोगं चित्र आलं असेल तर पुढे जाऊ नये.

पुढे जायचंच असेल तर लक्षात घ्या, चित्र चित्राच्या चिपच्या पाय २१ मधून बाहेर पडतं. त्या पायाचा बोर्डाशी संबंध तोडून तिथून जाळीच्या वायरने झिरो पीसीबीच्या छोट्या तुकड्यावर न्यायचं, ट्रान्झिस्टरची पायरी तिथे नव्याने बांधायची आणि तिथूनच जॅकला जायचं. रेझिस्टरच्या किमती मूळ बोर्डावरच्याच ठेवा. वायरची जाळी एकाच टोकाला ग्राउंड करा. काळ्या गोळ्याच्या बोर्डात पाय उचलता येत नाही. तिथे गोळ्यालगत ट्रॅक कापून तेच करायचं.

ट्रान्झिस्टर हा इथला दुसरा संशयित. चित्र अंधारं, फिकट किंवा वरखाली लोळणारं असेल तर मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून बेस आणि एमिटर तपासा, ०.६ ते ०.७ च्या आसपास यायला हवं, आणि उलट धरल्यावर काही नको. लॅमिंग्टन रोडला मूळ नंबर मिळाला नाही तर दुकानदार बीसी५५७ देईल, तो चालतो, पण पायांचा क्रम वेगळा आहे. सपाट बाजू समोर धरली तर बीसी५५७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एस९०१५ चे एमिटर, बेस, कलेक्टर. २एसए१०१५ चे एमिटर, कलेक्टर, बेस. जुना काढण्याआधी त्याचा फोटो काढा आणि नव्याचे पाय वाकवून जुळवा.

जे हस्तक्षेपासारखं दिसतं पण नसतं

काही उभ्या रेघा अंधुक नसतात. त्या धारदार, एकच ठिपका रुंद आणि खेळातल्याच रंगाच्या असतात, आणि प्रत्येक आठव्या ठिपक्यावर येतात. तो ग्राउंडचा दोष नाही. चित्रांच्या डेटाच्या आठ तारांपैकी एक तुटलेली किंवा चिकटलेली आहे. आधी दुसरी कॅसेट लावा. एकाच कॅसेटमध्ये दिसत असेल तर कॅसेटचे संपर्क अल्कोहोलच्या कापसाने पुसा. फुंकर मारायची आपली सवय सोडा, तोंडातली ओल तांब्यावर बसते. सगळ्या कॅसेटमध्ये दिसत असेल तर सॉकेटच्या ६० पायांपासून चिपपर्यंत एकेक तार बीपने तपासा.

भिंती, ढग, आकडे सगळे उलटेपालटे, पण मारिओ मात्र जसाच्या तसा, असं झालं तर मला फार बरं वाटतं, कारण दोष नेमका सापडतो. हलणाऱ्या पात्रांची जागा चित्राच्या चिपच्या आतच नोंदलेली असते. मागच्या देखाव्याची मांडणी मात्र बाहेरच्या २ किलोबाइटच्या मेमरीत असते. म्हणजे ती मेमरी, किंवा ती आणि तिच्याजवळची ७४३७३ ही चिप या दोघांमधला एखादा गंजलेला ट्रॅक. पात्रं आणि देखावा दोन्ही बिघडले असतील तर परत सॉकेटकडे जा.

रंग नाहीत आणि चित्र स्वच्छ आहे? बोर्डावर २१.४७७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर तो जपान-अमेरिकेच्या पद्धतीचा बोर्ड आहे, आणि फक्त पाल समजणाऱ्या जुन्या टीव्हीवर तो काळापांढराच दिसणार. २६.६०१७ चा असेल तर त्याच्या सहाव्या भागातून, ४.४३३६ मेगाहर्ट्झमधून, आपला रंग तयार होतो. क्रिस्टलजवळ छोटा ट्रिमर असेल तर प्लॅस्टिकच्या पात्याने किंचित फिरवा.

मुंग्यांसाठी फार खटपट करू नका. मुंग्या येतात त्या अँटेनाच्या वाटेने येणाऱ्या चित्रात. पत्र्याच्या छोट्या मोड्युलेटरच्या डबीत जाणाऱ्या तारांपैकी एक ५ व्होल्टची, एक आवाजाची, एक चित्राची. चित्राची तार डबीच्या आधीच पकडून पिवळ्या जॅकवर आणा.

आणि सगळं करूनही चित्र आलं नाही, काळा गोळाच गेला, तर बोर्ड फेकू नका. त्यावर कागद चिकटवून काय चांगलं आहे ते लिहा: क्रिस्टल, ६० पायांचं सॉकेट, मोड्युलेटर, हँडलची जॅक, ७८०५. चोरबाजारात कधी असा दुसरा डबा हाती लागेल, त्याला यातलं काहीतरी नक्की हवं असेल. बोर्ड आणि सिलिका जेल झिपच्या पिशवीत घालून हवा काढून बंद करा, आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदला.